खाणीचा पैसा: वाटून टाकायचा की पुन्हा जमिनीत घालायचा?

विट्याचे आमचे चुलते, आप्पा, पस्तीस वर्षं कोईमतूरला गलाईचं दुकान चालवून आता गावी परत आलेत. खानापूर, आटपाडीकडच्या पुष्कळ घरांची हीच कथा आहे. पाण्याअभावी पडून असलेली जमीन मागं ठेवायची, परमुलखातल्या सराफ बाजारात भट्टी मांडायची, जुने दागिने मुशीत वितळवायचे आणि तेजाबानं सोनं शुद्ध करून द्यायचं. आता आप्पांकडे वेळ आहे, मोबाईल आहे आणि एका कोळसा कंपनीचे थोडे शेअर आहेत. मी सांगलीत लोकांची आयकराची रिटर्न भरतो, त्यामुळं घरातला पैशाचा प्रत्येक प्रश्न माझ्याकडंच येतो. परवा डिव्हिडंडचा मेसेज दाखवत ते म्हणाले, "आरं, वर्षातनं दोन-तीनदा पैसं येत्यात. समदं असं वाटून टाकल्यावर फुडं खाणी काढायला काय ठेवत्यात?"

प्रश्न एका ओळीचा आहे. पण जगातल्या सगळ्यात मोठ्या खाण कंपन्या गेली वीस वर्षं याच प्रश्नावर अडखळतायत. आधी एका बाजूला कलंडून पडल्या, मग दुसऱ्या.

सुरुवात ओळखीच्या ठिकाणाहून करू. साखर कारखान्याची वार्षिक सभा आपल्याकडं कुणाला नवीन नाही. अहवाल वाचला जातो, 'मंजूर, मंजूर' असा गलका होतो आणि मागच्या रांगेतला एखादा सभासद उठून विचारतो, डिस्टिलरीला पैसे आहेत, गाळप वाढवायला आहेत, मग उसाच्या दराला का नाहीत? अध्यक्ष सांगतात, आज डिस्टिलरी उभी राहिली तर उद्या दर देता येईल. दोघांचंही खरं असतं, कारण पैसा एकच आणि वाटा दोन. कंपनीतही तसंच. नफा भागधारकांत वाटला तर तो लाभांश, म्हणजे आपला डिव्हिडंड. मागं ठेवून धंद्यात घातला तर तो विस्तार. साबणाच्या किंवा सॉफ्टवेअरच्या कंपनीसाठी ठोकताळा सोपा आहे. माझ्या पैशावर मी बाहेर जेवढं कमावीन त्याहून जास्त कंपनी कमावणार असेल तर तिनं तो ठेवावा, नाहीतर परत द्यावा. मिलर आणि मोदिग्लियानी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये असंही दाखवून दिलं की कर नाही, दलाली नाही आणि सगळ्यांना सगळं ठाऊक आहे अशा जगात, कंपनीनं वाटलं काय आणि ठेवलं काय, भागधारकाला फरक पडत नाही. तसं जग मी अजून पाहिलेलं नाही.

खाणीत मात्र हा ठोकताळा जसाच्या तसा चालत नाही. ऊस तोडला की खोडवा फुटतो. खाणीला खोडवा नसतो.

पेव रिकामं होतं

सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या काठावर, हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. व्यापारी त्यात हळद भरून वर्षानुवर्षं ठेवायचे आणि भाव आला की काढायचे. आता अशी कल्पना करा की एक पेव तुम्ही हळदीसकट विकत घेतलंय आणि त्यात नवी हळद कधीच पडणार नाही. दरवर्षी थोडी काढायची, विकायची. हातात पैसा येतो, घर चालतं, लोक म्हणतात उत्पन्न चांगलं आहे. पण प्रत्येक पोत्याबरोबर पेवही तेवढं रिकामं होतंय. हातात आलेल्या पैशातला एक हिस्सा कमाई आहे. दुसरा हिस्सा म्हणजे तुम्ही पेव घ्यायला जे मोजलं होतं तेच परत येतंय.

खाण म्हणजे हे पेव. आकड्यात मांडतो, समजायला बरं पडेल. हे आकडे मी बनवलेले आहेत. समजा एका कंपनीनं १,००० कोटी घालून खाण उभी केली आणि तिच्यात १० वर्षं पुरेल एवढंच खनिज आहे. मजुरी, डिझेल, रॉयल्टी, कर सगळं जाऊन दरवर्षी १८० कोटी हातात उरतात. कंपनीनं ते सगळे वाटले तर भागधारक खूश: हजारावर एकशेऐंशी, म्हणजे १८ टक्के! पण दहा वर्षांनी खाणीच्या जागी एक खड्डा उरणार आहे. मूळचे हजार कोटी दहा वर्षांत वसूल व्हायचे तर त्या १८० मधले १०० कोटी दरवर्षी मुद्दलच परत येतंय. खरी कमाई ८० कोटींची.

म्हणून खाण कंपनीचा 'विस्तार' हा शब्द जरा फसवा आहे. ८० वाटून १०० मागं ठेवले आणि त्यातून दुसरी खाण घेतली, तर कंपनी वाढली असं बाहेरून दिसतं. प्रत्यक्षात ती होती तिथंच आहे. त्यात दुसरी खाण हजार कोटीत मिळेल याचीही खात्री नाही. वरचं, सोपं, चांगल्या प्रतीचं खनिज माणूस आधी काढतो. मग खोल जावं लागतं. राजस्थानातल्या रामपुरा आगुचा या जस्ताच्या प्रचंड खाणीचं काम आधी उघड्या खड्ड्यातून चालायचं, आता ते जमिनीखालून चालतं. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या. शेवटी सोन्यापेक्षा ते वर काढायचा खर्च जड झाला आणि २००१ च्या फेब्रुवारीत त्या बंद पडल्या.

आप्पांना हे सांगताना मी अडखळलो नाही, कारण गलाईवाल्याला 'घट' शिकवावी लागत नाही. दागिना शंभर ग्रॅमचा आला तरी शुद्ध सोनं शंभर ग्रॅम निघत नाही. किती घट गेली हे आधी सांगावं लागतं, त्यावरच गिऱ्हाइकाचा विश्वास टिकतो. जगातल्या पुष्कळ सोन्याच्या खाणीत टनभर दगडामागं एक-दोन ग्रॅम सोनं निघतं, हे ऐकून मात्र ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "मग आमचीच खाण बरी की. बायकांच्या कपाटातली."

आल्याची लागण

मग कंपनीनं पैसा मागं ठेवून नव्या खाणी काढत राहणंच शहाणपणाचं, असं वाटेल. कागदावर तसंच आहे. प्रत्यक्षात खाण कंपन्यांच्या विस्ताराचा इतिहास वाचला की साताऱ्याच्या आल्याची आठवण येते.

आल्याचा दर गाडीवर ठरतो, गाडी म्हणजे ५०० किलो. ज्या वर्षी गाडीला दर फुटतो त्या वर्षी शेजारचा, पाहुणा, ज्यानं जन्मात आलं लावलं नाही तोसुद्धा बियाणं शोधत फिरतो. बियाणं महाग, मजूर महाग, कर्ज काढून लागण. सगळ्यांचं आलं एकदम बाजारात येतं आणि दर पडतो. खाणीचंही असंच आहे. फरक एवढाच की आल्याला एक-दीड वर्ष लागतं आणि खनिज सापडल्यापासून खाण चालू होईपर्यंत सहज दहा-पंधरा वर्षं जातात. तेजीत घेतलेल्या निर्णयाचं पीक कुठल्या मंदीत हाती येईल, सांगता येत नाही.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण रिओ टिंटो ही बडी खाण कंपनी. २००७ मध्ये धातूंची तेजी शिगेला होती. या कंपनीनं अल्कान ही कॅनडातली अॅल्युमिनियम कंपनी सुमारे ३८ अब्ज डॉलर मोजून घेतली, बहुतांश कर्जावर. वर्षभरात, २००८ मध्ये, जग आर्थिक संकटात सापडलं आणि अॅल्युमिनियमचा भाव कोसळला. कर्जाचा डोंगर उतरवायला २००९ मध्ये कंपनीला भागधारकांपुढंच हात पसरावा लागला: नवे शेअर घ्या, सुमारे १५ अब्ज डॉलर द्या. एवढ्यावरही शिकवणी पुरली नाही. २०११ मध्ये, पुन्हा तेजीतच, रिओनं मोझांबिकमधला कोळसा मिळवण्यासाठी रिव्हर्सडेल ही कंपनी जवळपास चार अब्ज डॉलरला घेतली. बेत असा होता की कोळसा झांबेझी नदीतून तराफ्यांवरून समुद्रापर्यंत न्यायचा. तिथल्या सरकारनं परवानगी दिली नाही. खाण आहे, कोळसा आहे, बाहेर काढायला वाट नाही! २०१३ च्या जानेवारीत कंपनीनं एकूण १४ अब्ज डॉलर हिशेबातून पुसून टाकले आणि मुख्याधिकारी टॉम अल्बानीज पायउतार झाले. पुढच्या वर्षी तो मोझांबिकचा कोळसा ५ कोटी डॉलरला विकला गेला. घेणारे कोण, तर आपल्याच सरकारी कंपन्यांनी मिळून काढलेली इंटरनॅशनल कोल व्हेंचर्स. अल्बानीज यांना पुढं वेदांता या खाण कंपनीनं मुख्याधिकारी म्हणून घेतलं.

त्या ३८ अब्जांऐवजी कंपनीनं लाभांश वाटला असता तर? भागधारकांनी काहीतरी मूर्खपणा केलाच असता, पण प्रत्येकानं आपापला, वेगवेगळा. सगळ्यांनी मिळून एकच मोठी चूक केली नसती. लाभांशाच्या बाजूनं मला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच आहे. हातात रोकड खुळखुळायला लागली की साहेब मंडळींना साम्राज्याची स्वप्नं पडतात. पैसा वाटून टाकला की स्वप्नं आपोआप आखूड होतात.

विस्तार दोन तऱ्हेचा असतो हेही इथंच सांगून टाकतो. एक, स्वतः खणून नवं खनिज काढणं. दोन, दुसऱ्याचं पेव विकत घेणं. २०२४ मध्ये बीएचपी या जगातल्या सगळ्यात मोठ्या खाण कंपनीनं अँग्लो अमेरिकन ही दुसरी खाण कंपनी विकत घ्यायचा प्रयत्न केला. डोळा तिच्या तांब्यावर होता, किंमत सुमारे ३९ अब्ज पौंडांपर्यंत चढली आणि मे महिन्यात बोलणी फिसकटली. व्यवहार झाला असता तरी जगात तांब्याचा एक किलो वाढला नसता, फक्त सातबारावरचं नाव बदललं असतं. दुसऱ्याचं पेव घेण्यात जोखीम कमी आणि वेळ वाचतो. म्हणून कंपन्यांना ते आवडतं आणि म्हणूनच ते बहुधा महाग पडतं.

खंड की वाटा

आता दुसऱ्या बाजूची चूक. मोझांबिक, अल्कान वगैरे बघून भागधारक चिडले. ते म्हणाले, पैसे परत द्या. कंपन्यांनी मग 'दरवर्षी लाभांश वाढवू, कमी कधीच करणार नाही' असं वचन जपायला घेतलं. ऐकायला छान. पण खाणीचा माल कुठल्या भावानं जाणार हे कंपनीच्या हातात नसतं. लोखंडाच्या कच्च्या धातूचा भाव २०११ मध्ये टनाला १९० डॉलरच्या आसपास होता, २०१५ च्या डिसेंबरात तो ४० च्या खाली गेला. भाव पाचव्या हिश्श्यावर आणि वचन मात्र वाढत्या लाभांशाचं. ग्लेनकोअर या खाण कंपनीनं २०१५ मध्ये लाभांश थांबवला, वर नवे शेअर विकून पैसा उभा केला. अँग्लो अमेरिकननंही त्याच वर्षी थांबवला. २०१६ च्या फेब्रुवारीत बीएचपी आणि रिओ या दोघांनी वाढत्या लाभांशाचं वचन अधिकृतपणे सोडलं.

त्याजागी जे आलं ते आपल्या शेतकऱ्याला लगेच समजेल. जमीन दुसऱ्याला कसायला द्यायच्या दोन रीती आहेत. खंडानं दिली तर पाऊस पडो न पडो, ठरलेली रक्कम मालकाला मिळालीच पाहिजे. वाट्यानं दिली तर जे पिकेल त्यातला हिस्सा. वाढता लाभांश म्हणजे दरसाल चढणारा खंड होता. दुष्काळात कूळ मोडतं, तशा कंपन्या मोडायला आल्या. आता त्या वाट्यावर आल्यात. बीएचपीचं धोरण नफ्याचा किमान निम्मा हिस्सा वाटायचा असं आहे, रिओचं साधारण ४० ते ६० टक्के. तेजीत भरपूर येतं, मंदीत थोडं येतं. निवृत्त माणसाला हे गैरसोयीचं आहे, दर महिन्याचा किराणा त्यावर लावता येत नाही. पण खाणीच्या धंद्याला हेच शोभतं. आप्पांना मी स्पष्ट सांगितलं, पेन्शन समजून खाणीचा शेअर घेऊ नका.

घरचा मामला

आपल्याकडं या वादात आणखी एक पात्र असतं: मोठा मालक. वाटायचं की ठेवायचं हे खाणीच्या पोटात किती उरलंय त्यापेक्षा मालकाच्या घरात काय चाललंय त्यावर ठरतं.

कोल इंडिया घ्या. २०१० मध्ये २४५ रुपयांना तिचे शेअर लोकांना विकले गेले. २०१४ च्या जानेवारीत तिनं शेअरमागं एकदम २९ रुपये अंतरिम लाभांश दिला. तेव्हा तिचे ९० टक्के शेअर सरकारकडं होते, म्हणजे त्यातला बहुतांश पैसा दिल्लीच्या तिजोरीत गेला. केंद्र सरकारचा आपल्या कंपन्यांसाठी नियमच आहे: करानंतरच्या नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या (देणी वजा जाता उरते तिच्या) ४ टक्के, यातलं जे जास्त तेवढा लाभांश किमान द्यायचा. अर्थसंकल्पाची तूट भरायला हा पैसा लागतो. आप्पांच्या मोबाईलवर जो मेसेज येतो तो मोठ्या भावाच्या गरजेमुळं धाकट्यालाही मिळालेला हिस्सा आहे. नुसत्या लाभांशाकडं बघणाऱ्यानं हेही लक्षात ठेवावं की २०२० मध्ये हाच शेअर १५० च्याही खाली होता आणि २०२४ मध्ये ५०० च्या वर गेला.

जस्त काढणाऱ्या हिंदुस्थान झिंकचं प्रकरण याहून तिखट आहे. २०२२-२३ या वर्षी तिचा नफा सुमारे साडेदहा हजार कोटी. लाभांश वाटला शेअरमागं ७५ रुपये ५० पैसे, एकूण जवळपास ३२ हजार कोटी. नफ्याच्या तिप्पट! वर्षानुवर्षं साठवलेली गंगाजळी बाहेर काढली आणि एकेकाळी बिनकर्जाची असलेली कंपनी कर्जदार झाली. बहुसंख्य शेअर वेदांताकडं आणि वेदांताच्या मूळ कंपनीच्या डोक्यावर मोठं कर्ज, हे त्यामागचं उघड गुपित. यात बेकायदा काही नव्हतं, छोट्या भागधारकालाही शेअरमागं तेवढेच रुपये मिळाले. सुमारे साडेएकोणतीस टक्के शेअर असलेल्या केंद्र सरकारनंही आपला वाटा घेतला. पण २०२३ च्या जानेवारीत दुसरा प्रस्ताव आला, की हिंदुस्थान झिंकनं वेदांताच्याच परदेशातल्या जस्ताच्या खाणी जवळपास तीन अब्ज डॉलरला घ्याव्यात. नाव विस्ताराचं, पैसा जाणार पुन्हा त्याच घरी. इथं मात्र सरकारनं विरोध केला आणि प्रस्ताव बारगळला. माझ्या मते तो विरोध योग्य होता. लाभांशात निदान सगळ्यांना सारखं मिळतं. मालकाच्याच घरातल्या खरेदीत भाव कोण ठरवणार?

एनएमडीसीनं तिसराच रस्ता धरला. छत्तीसगडमधल्या बैलाडिलाचं लोहखनिज काढणाऱ्या या सरकारी कंपनीनं तिथंच नगरनारला वीस हजार कोटींहून जास्त घालून पोलाद कारखाना उभारला. तो अनेक वर्षं रखडत २०२३ मध्ये चालू झाला आणि तोवर त्याची वेगळी कंपनीही करून टाकली होती. ज्यानं आयुष्यभर मूस तापवली त्यानं दागिने घडवायला बसावं का, हा तो प्रश्न. आप्पा यावर जोरात हसले. त्यांच्या ओळखीत कुणीतरी ते करून बघितलं असावं.

कोळशाच्या बाबतीत घटीचा हिशेबही उलटा चालतो. देशात कोळसा भरपूर आहे, पेव इतक्यात रिकामं होत नाही. भीती वेगळी आहे: हळद पेवातच राहील आणि गिऱ्हाईक निघून जाईल. भारतानं २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केलं. आज विजेची मागणी वाढतेय म्हणून कोळसाही वाढतोय. पण पुढची तीस-चाळीस वर्षं चालेल अशी नवी खाण काढण्यापेक्षा पैसा वाटलेला बरा, असं कोळशापुरतं मला वाटतं. तांब्यासाठी मी उलट म्हणेन. विजेच्या तारा, मोटारी, ट्रान्सफॉर्मर सगळ्यांना तांबं लागतं आणि चांगल्या खाणी दुर्मिळ होतायत. तिथं कंपनीनं पैसा मागं ठेवून खणलं तर मी तक्रार करणार नाही, खणण्याची वेळ मंदीची असेल तर विशेषच. मंदीत यंत्रं स्वस्त, ठेकेदार रिकामे, शेजारची खाण अडचणीत. पण मंदीत कुणाकडं पैसा नसतो, कारण तो तेजीत उडवलेला असतो.

वाटणं आणि खणणं या दोन्हींच्या आधी एक देणं असतं ते राहून जातं. खनिज काढल्यावर उरलेला गाळ धरणासारख्या बांधाआड साठवतात. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यु इथं वाले कंपनीचा असा बांध फुटला आणि २७० माणसं गेली. कंपनीनं नंतर लाभांश थांबवला. बांध नीट ठेवणं आणि खाण बंद करताना खड्डा, पाणी, जमीन यांची व्यवस्था लावणं याचा पैसा बाजूला काढल्यावर जे उरतं, त्याच्यावरच 'वाटू की वाढू' हा वाद घालायचा. ताळेबंदात ही रक्कम कुठंतरी मागच्या टिपेत असते.

कराचंही थोडक्यात सांगतो, ते माझं पोट आहे. १ एप्रिल २०२० पासून लाभांशावर कंपनी वेगळा कर भरत नाही, तो तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि तुमच्या टप्प्याप्रमाणं कर लागतो. लाभांशासाठी जो दिवस ठरतो त्या दिवशी शेअरचा भावही साधारण तेवढ्यानं खाली उघडतो. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवताना मध्ये सरकार थोडं घेऊन जातं, एवढं समजलं तरी पुरे.

आप्पांनी मग विचारलं, नेमकं बघायचं काय? मी त्यांना वार्षिक अहवालातल्या दोन जागा दाखवल्या. एक, खनिजाचा साठा किती टन आणि वर्षाला काढतात किती. भागाकार केला की पेवाची उरलेली वर्षं येतात. दरवर्षी हा आकडा एकेका वर्षानं कमी होत असेल आणि लाभांश मात्र फुगत असेल तर कंपनी मुद्दल वाटतेय. दोन, रोख प्रवाहाचं पत्रक. धंद्यातून आलेल्या रोकडीतून खाण चालू ठेवण्याचा खर्च वजा केल्यावर लाभांश भागतो की त्यासाठी कर्ज काढलंय, ते तिथं दिसतं.

चष्मा लावून त्यांनी ते पान बराच वेळ वाचलं. मग डायरी काढली, ज्यात सगळे डिव्हिडंड तारखेसकट लिहिलेले असतात. आकड्यांच्या उजवीकडं पट्टीनं एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं: घट.

"हितं किती टाकू?" त्यांनी विचारलं.